कॅनडातल्या चेकिंग खात्याची फी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः गेल्या काही वर्षांत कॅनडात आलेल्या मराठी कुटुंबांकडून आणि विद्यार्थ्यांकडून येतात. दहा-पंधरा वर्षं इथे राहिलेली माणसंही तेच विचारतात, कारण खातं उघडल्यावर त्याकडे परत कोणी बघत नाही. रकमा कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत. बँका दर अधूनमधून बदलतात, म्हणून निर्णय घेण्याआधी तुमच्या बँकेचं ताजं फीपत्रक उघडून बघाच.

चेकिंग खातं म्हणजे आपलं सेव्हिंग्ज खातंच ना? मग त्याला महिन्याला फी कशी?

भारतात पगार, खर्च आणि थोडीफार शिल्लक असं सगळं एकाच सेव्हिंग्ज खात्यात चालतं आणि त्यावर थोडं व्याजही मिळतं. इथे दोन कामांची दोन खाती असतात. चेकिंग खातं रोजच्या व्यवहारांचं: पगार त्यात येतो, भाडं, वीज, फोन, विमा त्यातून जातात. त्यावर व्याज जवळजवळ शून्य. सेव्हिंग्ज खातं पैसे बाजूला ठेवायचं.

चेकिंग खात्यावर बँक साधारण तीन वाटांनी पैसे घेते. एक, ठरावीक मासिक फी. दोन, मर्यादेपेक्षा जास्त झालेल्या प्रत्येक व्यवहाराची फी. तीन, प्रसंगी लागणाऱ्या फी: दुसऱ्या बँकेचं एटीएम, ओव्हरड्राफ्ट (शिल्लक संपल्यावरही बँक पैसे जाऊ देते आणि खातं उणे होतं), परत गेलेला चेक, बँक ड्राफ्ट, कागदी स्टेटमेंट. लोक पहिल्या फीवर चिडतात, पण पुष्कळ घरांत खरी गळती तिसऱ्या वाटेने होत असते.

साधारण किती फी योग्य समजायची?

मोठ्या सहा बँकांचे (आरबीसी, टीडी, स्कोशियाबँक, बीएमओ, सीआयबीसी, नॅशनल बँक) दर एकमेकांच्या आसपासच असतात. अगदी साधं खातं ४ डॉलरच्या घरात, मधलं ११ ते १३, अमर्याद व्यवहारांचं १६ ते १८ आणि सगळ्या सवलतींचं मोठं पॅकेज ३० च्या आसपास. उलट टॅन्जरीन, सिम्प्ली फायनान्शियल, ईक्यू बँक या ऑनलाइन बँकांच्या रोजच्या खात्याला मासिक फीच नाही. महिना १७ डॉलर म्हणजे वर्षाला २०४. नवरा-बायको दोघांची अशी वेगवेगळी खाती असतील तर ४०८, आणि तेही फक्त खातं असण्याचे.

माझं स्पष्ट मत असं, की पगार जमा होणं, बिलं भरणं आणि ई-ट्रान्सफर (ईमेल किंवा फोन नंबरवर पैसे पाठवणं) एवढाच वापर असलेल्या माणसाने मासिक फी भरायचं काही कारण नाही. फी भरायचीच असेल तर तिच्या बदल्यात नेमकं काय मिळतं, हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

मी नक्की किती फी भरतोय ते कसं कळेल?

बँकेच्या ॲपमधून मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट उतरवा. एक महिना पुरत नाही, कारण काही फी अधूनमधूनच लागतात. मासिक फी, एटीएम, व्यवहार, ओव्हरड्राफ्ट, इतर, अशा प्रत्येक वजावटीपुढे तिचं कारण लिहा. त्याच बैठकीत दोन गोष्टी मोजा: महिन्याला खात्यातून पैसे किती वेळा बाहेर जातात आणि महिन्यातली सगळ्यात कमी शिल्लक किती होती. पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं या दोन आकड्यांवर ठरतात.

बँक म्हणते, किमान शिल्लक ठेवा, फी माफ. ठेवू का?

आपल्याकडच्या सवयीने सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. भारतात बऱ्याच बँका महिन्याची सरासरी शिल्लक बघतात. पाच दिवस शिल्लक खाली गेली आणि नंतर भरून निघाली, तर सरासरी सांभाळली जाते. कॅनडात बहुतेक बँका दररोजची दिवसअखेरची शिल्लक बघतात. अट ४,००० ची असेल आणि महिन्यात एकच दिवस खात्यात ३,९९० राहिले, तर त्या महिन्याची पूर्ण फी लागते. त्यात सूट नाही, प्रमाणही नाही. भाडं १ तारखेला जातं आणि पगार दोन दिवसांनी येतो, अशी घरं वर्षानुवर्षं पैसे अडकवूनही फी भरत राहतात.

आता हिशोब बघा. खात्याच्या दर्जाप्रमाणे ही अट साधारण ३,००० ते ६,००० डॉलरची असते. ४,००० डॉलर व्याजाशिवाय पडून राहिले आणि समजा सेव्हिंग्जमध्ये त्यावर अडीच टक्के मिळाले असते, तर वर्षाला १०० डॉलर बुडाले. त्या बदल्यात वाचली २०४ डॉलर फी. म्हणजे त्याच बँकेत राहायचं असेल आणि शिल्लक खरंच खाली जाऊ देणार नसाल, तर शिल्लक ठेवणं फी भरण्यापेक्षा बरं. पण बिनशुल्क खातं घेऊन तेच ४,००० टीएफएसएमध्ये (करमुक्त बचत खात्यात) ठेवले, तर फीही नाही आणि व्याजावर करही नाही. क्रेडिट कार्डवर मोठी थकबाकी असेल तर मात्र शिल्लक राखत बसूच नका. आधी ते कर्ज फेडा, कारण त्याचं व्याज सहसा २० टक्क्यांच्या आसपास असतं.

शिल्लक राखायचं ठरवलंत, तर अटीच्या वर आणखी तीन-चारशे डॉलर ठेवा आणि ॲपमध्ये त्या रकमेचा इशारा लावा. बँकांना शिल्लक १०० डॉलरखाली गेल्यावर किंवा तुम्ही ठरवलेल्या रकमेखाली गेल्यावर इलेक्ट्रॉनिक इशारा द्यावाच लागतो. १०० ची मूळ मर्यादा इथे उपयोगाची नाही, ती स्वतः बदलून घ्या.

४ डॉलरचं खातं खरंच असतं का? मला कोणी सांगितलं नाही.

असतं. केंद्र सरकारशी झालेल्या करारानुसार मोठ्या बँका २०१५ पासून महिना जास्तीत जास्त ४ डॉलरचं साधं खातं देतात. त्यात डेबिट कार्ड, पैसे जमा करणं आणि ठरावीक डेबिट व्यवहार येतात. करारातली किमान संख्या १२ होती, आज तुमच्या बँकेत किती मिळतात ते विचारा. जाहिरातीत हे खातं फारसं दिसत नाही. बँकेत गेल्यावर ‘सगळ्यात कमी फीचं खातं दाखवा’ असं स्वतः म्हणावं लागतं.

याच कराराने विद्यार्थी, अठरा वर्षांखालची मुलं, जीआयएस (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांचा सरकारी पूरक भत्ता) मिळणारे ज्येष्ठ नागरिक आणि आरडीएसपीचे (अपंग व्यक्तींसाठीच्या बचत योजनेचे) लाभार्थी यांना असं खातं विनाशुल्क मिळतं. आई-वडील कायमचे रहिवासी होऊन बरीच वर्षं झाली असतील आणि त्यांना ओल्ड एज सिक्युरिटी या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनबरोबर जीआयएस मिळत असेल, तर त्यांच्या खात्यावर फी लागतेय का हे आज रात्रीच बघा. जीआयएस नसेल तरीही बऱ्याच बँका वयाच्या ६० किंवा ६५ नंतर सवलत देतात. मात्र बँकेकडे जन्मतारीख असूनही सवलत दरवेळी आपोआप लागत नाही, मागून घ्यावी लागते.

महिन्याला १२-१५ व्यवहारांत भागेल का? काय काय मोजतात?

खात्यातून बाहेर जाणारं जवळजवळ सगळं मोजतात: कार्ड मारून केलेली खरेदी, एटीएममधून काढलेले पैसे, बिल, आपोआप कापले जाणारे हप्ते, चेक, ई-ट्रान्सफर. काही खात्यांत स्वतःच्याच सेव्हिंग्जमध्ये टाकलेले पैसेही एक व्यवहार धरतात, ते विचारून घ्या. मर्यादा ओलांडली की प्रत्येक व्यवहाराला सव्वा डॉलरच्या आसपास लागतो. यूपीआयच्या सवयीने टिम हॉर्टन्सच्या दोन डॉलरच्या कॉफीला डेबिट कार्ड पुढे केलं, तर ती कॉफी सव्वातीनला पडते.

यावर सोपा उपाय आहे. रोजची खरेदी वार्षिक फी नसलेल्या क्रेडिट कार्डवर करा आणि महिन्याला एकदाच पूर्ण बिल भरा. चाळीस खरेद्या मिळून बँकेच्या लेखी एकच व्यवहार होतो आणि नव्याने आलेल्याची क्रेडिट हिस्टरीही (उधारी वेळेवर फेडल्याची नोंद) तयार होते. पूर्ण बिल दर महिन्याला भरता येणार असेल तरच हे करा. एरवी व्याज वाचवलेल्या फीच्या कितीतरी पट होईल.

नवीन आलेल्यांचं पॅकेज घेतलं आहे, पहिलं वर्ष फुकट. त्यात काही खोच?

पॅकेज घ्या, पण संपायची तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. ही सवलत बहुधा १६-१७ डॉलरच्या खात्यावर असते. मुदत संपली की खातं तेच राहतं आणि फी सुरू होते. कॅनडातलं दुसरं वर्ष घर बदलणं, नोकरी बदलणं, गाडी घेणं यात जातं, आणि महिन्याला १७ डॉलर गेलेले कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मुदतीआधी पंधरा दिवस फोन करून तेच खातं कमी फीच्या प्रकारात बदलून मागा. सहसा खाते क्रमांक तोच राहतो, त्यामुळे पगार आणि हप्ते विस्कटत नाहीत. तरी बदलण्याआधी याची खात्री करून घ्या.

मी विद्यार्थी आहे. जीआयसी त्याच बँकेत आहे, मग किमान शिल्लक झालीच ना?

सहसा नाही. स्टडी परमिटसाठी ठेवलेली जीआयसी ही वेगळी मुदत ठेव आहे. तिचे मासिक हप्ते चेकिंग खात्यात येतात, पण अडकलेली रक्कम चेकिंगची शिल्लक म्हणून धरली जात नाही. तुम्हाला तिची गरजही पडू नये, कारण विद्यार्थी खातं बिनशुल्क असतं. त्यासाठी पूर्णवेळ प्रवेशाचा पुरावा बँकेत द्यावा लागतो आणि काही बँका तो दरवर्षी मागतात. शिक्षण संपून वर्क परमिट मिळाला की सवलत संपते. तिथून पुढे वरच्याच प्रश्नातला उपाय.

चेक बाउन्स झाला किंवा हप्ता परत गेला तर किती लागतात?

याला इथे एनएसएफ फी म्हणतात. मोठ्या बँका एका वेळेला ४५ ते ४८ डॉलर घेत असत. ज्याच्या खात्यात आधीच पैसे नाहीत त्याच्याकडूनच सगळ्यात मोठी फी घेणारी ही पद्धत मला कायम अन्यायाची वाटत आली आहे. १२ मार्च २०२६ पासून केंद्रीय नियमाने बँकांना वैयक्तिक खात्यावर जास्तीत जास्त १० डॉलर घेता येतात. दोन कामकाजी दिवसांत एकाच खात्यावर एकापेक्षा जास्त वेळा ही फी लावता येत नाही आणि तूट १० डॉलरपेक्षा कमी असेल तर अजिबात लावता येत नाही.

तीन गोष्टी या नियमाबाहेर राहतात. व्यवसायाचं खातं त्यात येत नाही. बहुतेक क्रेडिट युनियन (सभासदांच्या सहकारी पतसंस्था) आणि देजार्दॅंसारख्या संस्था प्रांतांच्या कायद्याखाली चालतात, त्यामुळे तिथला दर वेगळा विचारावा लागतो. आणि तुमची बँक १० च घेईल, पण ज्याला पैसे मिळाले नाहीत तो आपली वेगळी फी लावू शकतो. ओंटारिओत घरमालक त्याला बँकेने लावलेली फी आणि वर २० डॉलरपर्यंत प्रशासकीय खर्च भाडेकरूकडून मागू शकतो. परत गेलेला हप्ता काही दिवसांनी पुन्हा एकदा वसुलीला टाकला जाऊ शकतो हेही लक्षात ठेवा. एकदा परत गेला म्हणजे सुटलो असं नाही, खात्यात लगेच पैसे भरा.

मग ओव्हरड्राफ्ट घेऊन ठेवावा का?

वर्षातून क्वचित गरज पडत असेल तर वापराल तेव्हाच फी लागणारा प्रकार घ्या. त्यात खातं उणे झालं की साधारण ५ डॉलर लागतात. दुसऱ्या प्रकारात महिन्याला ४-५ डॉलर ठरावीक जातात, वापरा अगर वापरू नका. दोन्हींत उणे रकमेवर २० टक्क्यांच्या वर व्याज चढतं. एनएसएफची फी १० वर आल्यापासून मासिक फीचा ओव्हरड्राफ्ट बहुतेकांना परवडत नाही: वर्षाला ६० डॉलर भरून १० डॉलरची फी टाळण्यात अर्थ नाही. ज्यांचं भाडंच परत जाण्याची भीती आहे, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे घरमालकाशी संबंध बिघडणं १० डॉलरपेक्षा महाग पडतं. खातं उघडताना ‘संरक्षण’ म्हणून हा ओव्हरड्राफ्ट कधी कधी चिकटवलेला असतो, स्टेटमेंटमध्ये शोधा.

एटीएमवर दोनदा पैसे कापले. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. दुसऱ्याच्या यंत्रातून पैसे काढले की तुमची बँक नेटवर्कची फी लावते आणि यंत्राचा मालक सोयीची फी वेगळी घेतो. पेट्रोल पंपावरच्या, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या खासगी यंत्रांची फी सगळ्यात जास्त असते. दोन्ही मिळून चार-पाच डॉलर सहज जातात, आणि २० डॉलर काढायला ५ देणं म्हणजे पाव रक्कम वाटेतच गेली. टॅन्जरीनच्या ग्राहकाला स्कोशियाबँकेची आणि सिम्प्लीच्या ग्राहकाला सीआयबीसीची यंत्रं फुकट आहेत. दुकानात डेबिट कार्डने खरेदी करताना वर रोख मागून घेता येते, तीही चांगली सोय.

पुण्याला किंवा गोव्याला गेल्यावर इथलं डेबिट कार्ड एटीएममध्ये घातलंत, तर परदेशी यंत्राची फी साधारण ५ डॉलर, चलन बदलाचे अडीच टक्के किंवा त्याहून जास्त, आणि तिथल्या बँकेची फी लागली तर ती वेगळी.

आई-बाबांना पैसे पाठवते त्याची फी कशी कमी करू?

फीपेक्षा विनिमय दर बघा. ‘शून्य फी’ म्हणणारी सेवा रुपयाच्या दरात आपला वाटा काढते. तुलना एकाच प्रश्नावर करा: माझ्या खात्यातून १,००० डॉलर गेले, तर पलीकडे हातात किती रुपये पडतील? बँकेची जुन्या पद्धतीची वायर ट्रान्सफर लहान रकमेला महाग पडते, कारण तिची फी ठरावीक असते.

नवरा-बायकोने दोघांनी पैसे भरण्यापेक्षा एकच जॉइंट खातं ठेवावं का?

घरखर्चाला एक जॉइंट खातं पुरतं. दोन फीची खाती ठेवण्यात अर्थ नाही. पण दोघांच्याही नावावर एकेक स्वतंत्र बिनशुल्क खातं असू द्या, विशेषतः नोकरी नसलेल्या जोडीदाराच्या नावावर. त्याला खर्च काही नाही. मृत्यू, आजारपण किंवा वेगळं होण्याच्या वेळी स्वतःच्या नावाने पैसे हाताशी असणं किती मोलाचं असतं, हे त्या वेळीच कळतं. नोकरी नाही म्हणून खातं मिळणार नाही, असा समज असेल तर तो काढून टाका. योग्य ओळखपत्र असेल तर नोकरी नसताना, जमा करायला पैसे नसताना, अगदी दिवाळखोरीनंतरही बँकेत खातं उघडायचा हक्क कायद्याने आहे.

३० डॉलरचं मोठं पॅकेज कोणाला परवडतं?

ज्याला त्यातल्या गोष्टी एरवीही विकत घ्याव्या लागल्या असत्या, त्याला. बऱ्याच पॅकेजांत एका क्रेडिट कार्डची वार्षिक फी माफ होते, बँक ड्राफ्ट आणि दुसऱ्यांची एटीएम फुकट मिळतात. तुम्ही १२० डॉलरचं कार्ड खरंच वापरत असाल आणि ५,०००-६,००० ची शिल्लक सहज राहत असेल, तर हिशोब जमतो. केवळ बँकेत मान मिळतो म्हणून घेऊ नका.

नवीन खात्याला ४००-५०० डॉलर बोनस देतायत. घ्यावा?

अटी पूर्ण करणार असाल तर जरूर. पगार थेट जमा होणं, दोन-तीन बिलं त्या खात्यातून भरणं, ठरावीक तारखेच्या आत हे सगळं होणं आणि खातं अमुक महिने चालू ठेवणं, अशा त्या अटी असतात. मुदतीआधी बंद केलंत तर बोनस परत घेतात. बोनसमधून तेवढ्या महिन्यांची फी वजा करा, उरेल तो खरा बोनस.

बँकेला फी माफ करायला सांगितलं तर करतात का?

पुष्कळदा करतात. पहिल्यांदाच लागलेली एनएसएफ किंवा ओव्हरड्राफ्टची फी शांतपणे विचारल्यावर परत मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मासिक फीबद्दल बोलताना तक्रारीचा सूर लावू नका. ‘मी बिनशुल्क बँकेत जायचा विचार करतोय, त्याआधी तुमच्याकडे काय सवलत आहे?’ एवढं विचारा. गृहकर्ज, क्रेडिट कार्ड आणि गुंतवणूक एकाच बँकेत असेल तर अशा ग्राहकाला बऱ्याच ठिकाणी सूट असते. फोनवर कबूल झालेली सूट बँकेच्या सुरक्षित मेसेजमधून लेखी मागून घ्या.

चुकीची फी लावली आणि बँक ऐकत नाही. पुढे काय?

आधी बँकेत रीतसर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. बँकेला ५६ दिवस असतात. त्यात निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर ओबीएसआय या स्वतंत्र लोकपालाकडे विनामूल्य जाता येतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्या बँकांसाठी हीच एक बाहेरची संस्था आहे. एफसीएसी ही सरकारी संस्था बँकांवर देखरेख करते, पण तुमचे पैसे ती परत मिळवून देत नाही. तिच्या संकेतस्थळावरचं खात्यांची तुलना करायचं साधन मात्र उत्तम आहे. वरच्या तिसऱ्या प्रश्नातले आकडे त्यात भरा.

बँक बदलताना काय सांभाळू?

जुनं खातं लगेच बंद करू नका. नवीन खातं सुरू करून पगार, सीआरएकडून (कॅनडाच्या कर खात्याकडून) येणारे चाइल्ड बेनिफिट आणि इतर सरकारी भत्ते, आणि सगळे हप्ते तिकडे हलवा. वर्षातून एकदाच कापला जाणारा विमा किंवा वर्गणी हमखास विसरली जाते, म्हणून बारा महिन्यांची यादी बघा. दोन महिने दोन्ही खाती चालू ठेवा, मग जुनं बंद करा. नवीनच उघडलेलं खातं ९० दिवसांच्या आत बंद केलं तर काही बँका फी घेतात.

रोख रक्कम भरायची असते किंवा वरचेवर बँक ड्राफ्ट लागतो, त्यांनी ऑनलाइन बँकेत ही सोय आहे का ते आधी विचारावं. ज्यांचा व्यवसाय रोखीचा आहे त्यांना शाखा असलेली बँकच लागते.

कायमचे भारतात परतलो. खात्यात थोडे पैसे आहेत, राहू दे का?

मासिक फी असलेलं खातं तसंच सोडू नका. शिल्लक फीमध्ये संपते, खातं उणे होतं, त्यावर व्याज चढतं, आणि पत्रं जातात तुमच्या ब्रॅम्प्टनच्या जुन्या पत्त्यावर. थकलेली रक्कम वसुलीला गेली की क्रेडिट रिपोर्टवर येते, आणि उद्या परत कॅनडात यायचं ठरलं तर तिथून सुरुवात करावी लागते. शेवटचा पगार आणि कर परतावा येईपर्यंत ते बिनशुल्क प्रकारात बदलून घ्या, पत्ता बदला, आणि बंद केल्यावर शून्य शिल्लक दाखवणारं पत्र मागून ठेवा.

आणि जे खातं आधीच विसरलो आहे, त्याचं?

दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक कळवते, पुढे पाच आणि नऊ वर्षांनी पुन्हा. मधल्या काळात निष्क्रिय खात्याची फी लागू शकते. दहा वर्षांनंतर उरलेली रक्कम बँक ऑफ कॅनडाकडे जाते. १,००० डॉलरपेक्षा कमी असेल तर ती तिथे ३० वर्षं, त्याहून जास्त असेल तर १०० वर्षं सांभाळली जाते. बँक ऑफ कॅनडाच्या संकेतस्थळावर नावाने फुकट शोधता येते. शोधताना आपल्या नावांची सगळी स्पेलिंग टाकून बघा, वडिलांचं नाव मधलं म्हणून आणि न घालता, आणि लग्नाआधीचं आडनावही. पैसे काढून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्यांची गरज नाही, अर्ज स्वतः करता येतो.